पाण्यात पाहणारे दोन भाऊ

आमची काहील आता हॉटेलच्या दारात आहे. तिच्यात माती भरून सदाफुली लावली आहे. मुळं कुजू नयेत म्हणून बुडाला चार भोकं पाडली आहेत, बाहेरून निळा ऑइलपेंट मारला आहे आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'दोन भाऊ'. हॉटेलचं नावही तेच. धरणाच्या काठाला, पूर्वी जिथे नुसता मुरमाड माळ होता, तिथे तात्यांच्या नातवाने हे हॉटेल काढलं. तात्या म्हणजे माझे चुलते, वडिलांचे सख्खे धाकटे भाऊ. रविवारी नगरहून, पुण्याहून गाड्या येतात. माणसं मासे खातात, पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात, "काय शांत आहे ना इथे" म्हणतात आणि काट्यांची ताटं तशीच टाकून निघून जातात.

मागच्या महिन्यात मी तिथे गेले होते. पोरगं गोड आहे, मला आत्या म्हणतं, वाकून पाया पडलं. मग शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यांना म्हणालं, "ह्या आमच्या आत्या. ह्यांचे वडील आन् माझे आजोबा, दोघं सख्खे भाऊ. ह्याच काहिलीत बसून धरणात मासे धरायचे. असं प्रेम आता बघायला मिळत न्हाई." त्या टेबलावरच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. माझ्या तोंडाला नेमका पाण्याचा पेला होता, म्हणून बरं झालं.

प्रेम. वीस वर्षं त्या दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं. तेव्हा पाणी नव्हतं, नदीकाठची काळी जमीन होती, तरी पाहिलं. मग धरण झालं आणि खरोखरच्या पाण्यातही पाहिलं. मेलेल्या माणसांवर प्रेमाचा रंग मारणं फार सोपं असतं, ऑइलपेंटचा एक डबा पुरतो. मला मात्र त्या काहिलीकडे बघून जे आठवतं ते सगळं चरचरतच आठवतं, आणि त्याला मी गोड करून सांगणार नाही.

काहील गुळाची, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई. नदीकाठी आमचं गुऱ्हाळ होतं. थंडीत चुलवण पेटलं की रसाला उकळी यायची, मळी वर यायची, ती झाऱ्याने काढायची, आणि पाक तयार होत आला की त्या वासाने अख्खी वस्ती जड व्हायची. पातेरा जळतानाचा करपट धूर, ओल्या चोथ्याचा आंबूस वास, गरम काकवीत बोट घातल्यावर बसलेला चटका. हे सगळं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आणि तात्यांचं सामाईक होतं, तोवर बरं चाललं होतं म्हणतात. ते बरं चाललेलं मी पाहिलेलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा घराच्या मधोमध भिंत होती, जमिनीच्या मधोमध बांध होता आणि बांधावर एक बाभूळ होती. बांध कोणी कोरला, बाभळीची फांदी कोणी तोडली, ह्यावरून दोघे भाऊ बोलत नव्हते. सुरुवात कशी झाली ते मला विचारू नका. त्या दोघांनाही धड सांगता आलं नसतं. सगळ्याची वाटणी झाली. बैल वाटले, भांडी वाटली, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा वाटले. काहील तेवढी सामाईक राहिली. सात फुटांची लोखंडी काहील कापून अर्धी अर्धी घेतली तर दोघांनाही तिचा उपयोग नव्हता.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा धरणाची दारं बंद झाली. त्याआधी गाव उठलं होतं. ट्रकमधून दारं, चौकटी, जाती, शेळ्या, म्हाताऱ्या सगळं माळावर आणून टाकलं होतं. आमच्या शेजारच्या वावराचे मेहबूबभाई पहिल्याच ट्रकने गेले. त्यांनी धरणाच्या खालच्या अंगाला, कालव्यावर, बदली जमीन घेतली होती. "माती काळी हाय," ते जाताना आईला म्हणाले, "लवकर या." आईने ते शब्द पदराला गाठ मारावी तसे जपून ठेवले. तिला बाकी कशाचं सोयरसुतक नव्हतं. तिला काळं रान हवं होतं, खुरपं लावल्यावर आत जाईल असं. माळावर खुरपं लावलं की ठिणगी उडायची.

पाणी कसं आलं ते आठवतं. कोसळत वगैरे आलं नाही. चोरासारखं आलं, गवतातून, आवाज न करता. आधी नदीचा आकार गेला, मग उसाचे खोडवे बुडाले, मग विहिरी. भरलेली विहीर पाण्याखाली जाताना आतून हवा सोडते, पोट बिघडलेल्या म्हशीसारखा आवाज येतो. आम्ही माळावर बसून तो ऐकायचो आणि पाण्याने कुणाची विहीर घेतली ते ओळखायचो. उंदीर, विंचू, साप वर आले. मग वास सुरू झाला. पाण्याखाली उभी पिकं कुजत होती, तरवड कुजत होता, उकिरडे भिजत होते. दोन महिने तो वास भाकरीलाही यायचा.

आणि त्या कुजक्या पाण्यात मासा माजला. नव्या धरणात पहिल्या वर्षी मासा असा माजतो, हे आम्हाला खालच्या गावाहून आलेल्या एका भोयाने सांगितलं. आमच्या भावकीत तोवर कुणी मासे धरले नव्हते. पुरात वाहून आलेला एखादा मरळ काठीने मारायचा, एवढीच अक्कल. भोयाने आबांना नायलॉनचं जाळं दिलं आणि संध्याकाळी लावून पहाटे काढायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी तात्यांनीही त्याच्याकडूनच जाळं घेतलं. होडी कुणाकडेच नव्हती. होती ती काहील.

काहिलीचा स्वभाव सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गोल भांडं ते, त्याला ना नाक ना शेपूट. एकट्याने वल्हवायला घेतली की ती जागच्या जागी गिरकी घेते. दोन माणसं दोन बाजूंना बसली आणि दोघांनी सारखा जोर लावला, तरच ती सरळ जाते. त्यामुळे वीस वर्षं न बोललेले दोघे भाऊ पहाटे पहाटे त्या काहिलीत एकमेकांना पाठ लावून बसायचे, हातात गूळ ढवळायचं लाकडी फावडं घ्यायचे आणि एका तालात पाणी मारत निघून जायचे. लांबून बघणाऱ्याला ते सुंदर दिसत असेल. ह्या पोराने कुणाकडून तरी तेवढंच ऐकलंय.

ते जायचे ते बाभळीला. सगळं बुडालं होतं, पण पाण्याच्या मध्यावर एका बाभळीचा शेंडा वर राहिला होता, पांढरा पडलेला, त्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. दोघांनीही तो ओळखला. बांधावरची बाभूळ. म्हणजे तिच्या अलीकडचं पाणी आबांचं आणि पलीकडचं तात्यांचं. सरकारने जमीन घेतली होती, कागद झाले होते, अंगठे उठले होते. तरी आबा पाण्याकडे बोट करून म्हणायचे, "ही आपली खालची पट्टी. हिथं हरबरा लई यायचा." आणि तिथे सापडलेला मासा आपल्या वावरातला, आपल्या हक्काचा.

आईने पहिल्याच दिवशी काठावरून बघितलं आणि म्हणाली, "ही आपली बाभळ न्हाई. आपली नदीकडं कलल्याली हुती. ही सरळ हाय."

"पान्यात समदं येगळंच दिसतं," आबा म्हणाले.

तात्या काहिलीला दोर बांधत होते. त्यांनी आमच्याकडे न बघता, दोराला सांगितलं, "भाकरी घेऊन येनाऱ्याला बांधातलं काय कळतंय."

आबांनी मान डोलावली. मी माझ्या आयुष्यात ते दोघे एका बाजूला झालेले तेवढेच पाहिले.

एकमेकांशी थेट बोलायचं नाही, हा नेम पाण्यातही कडक होता. बोलणं व्हायचं, पण बाभळीशी, पाण्याशी, नाहीतर काहिलीशी. एका सकाळी मी गळ घेऊन काठाच्या खडकावर बसले होते. वाऱ्याने तात्यांचं जाळं सरकून बाभळीच्या अलीकडे आलं होतं आणि त्यात हातभर लांबीची वाम अडकली होती.

"काही लोकांचं जाळं हद्द सोडून आलंय," आबा पाण्याला म्हणाले.

"वारं काय तलाठ्याला इचारून वाहतं व्हय," तात्या बाभळीला म्हणाले.

"वाम माझ्या वावरात घावली."

"शेपूट पल्याड हुतं."

पाणी असं की त्यावरून कुजबूजही काठाला ऐकू येते. दोघांनी वाम दोन्हीकडून ओढली. ती निसटली आणि पाण्यात गेली. काहील जोरात हिंदकळली, दोघेही गपकन खाली बसले, कारण पोहता दोघांनाही बेताचंच यायचं. मग पाठीला पाठ लावून, एका तालात, रिकामे परत आले. मला हसू आलं होतं. आता नाही येत.

मी स्वतः त्या पाण्यावर चांगली रमले, हेही सांगून टाकते. निरगुडीची काठी, नायलॉनचा दोरा, ज्वारीच्या धाटातल्या पांढऱ्या गराचं तरंगणं, आणि गळाला गांडूळ. शाळा बुडाली होती, नवी अजून बांधायची होती. आमच्या जुन्या गल्लीचा उतार पाण्याखाली कुठे आहे ते मला काठावरून बरोबर कळायचं आणि मी तिथेच गळ टाकायची. कधी गळ कुणाच्या तरी छपराच्या पाचटात अडकायचा. एकदा विटक्या लुगड्याची चिंधी आली. पण शिंगाळेही यायचे, मिशा हलवत, गळ तोंडातून काढताना च्यक च्यक आवाज करत. तरंगणं बुडण्याआधी एकदा थरथरतं. त्या थरथरीसाठी मी दिवस दिवस उन्हात बसले. तसलं सुख मला पुढे कशानेच दिलं नाही, लग्नाने तर नाहीच.

आई मासे रांधायची. काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, लसणाचा ठेचा. वाटण परतताना खमंग वास सुटला की माळावरची सगळी घरं जागी व्हायची. आबा पहिला घास घेऊन म्हणायचे, "आपल्या मातीचा मासा येगळाच. गोड हाय." मी ताटभर खायची. आई एकही तुकडा तोंडात घालायची नाही. तिला विचारलं तर म्हणायची, "ज्यात ज्वारी यायची त्यात हे आलंय. माझ्या नरड्याखाली न्हाई उतरत." ती चटणीशी भाकरी खायची आणि मला चवदार लागत असल्याची मला लाज वाटायची. तरीही मी दुसरा तुकडा मागायची.

दुसऱ्या पावसाळ्यात कागद आला. कालव्यावर आबांना आणि तात्यांना लागून लागून जमीन निघाली होती. पोळ्याच्या आत जाऊन ताबा घ्यायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला जाईल. कागद वाचून दाखवला तो मीच. आईने हातातलं काम टाकलं आणि कपाळाचा घाम पुसला. "कवा जायचं?" तिने विचारलं.

"बघू," आबा म्हणाले.

ते बघू आठवडाभर चाललं. मग एका सकाळी आई वैतागून म्हणाली, "बघू बघू काय लावलंय? माळावर कुसळ उगवंना."

"मी गेलो की त्यो समदं पानी ढापील," आबा म्हणाले. "त्यो आदी जाऊ दे. मग मी जातो."

त्याच दिवशी काकू, म्हणजे तात्यांची बायको, हातपंपावर आईला भेटली. दोघी जावांना बोलायची बंदी होती, पण पाणी भरताना घागरीच्या आवाजात बोलता येतं. "आमच्यातबी त्येच चाललंय, आक्का," काकू म्हणाली. "म्हनत्यात, आबा हालला की मी हालतो."

आईने आबांना न सांगता एसटी धरली. मला बरोबर नेलं. कालव्याच्या कडेने चालत आम्ही मेहबूबभाईंचं रान विचारत गेलो, त्यांच्या पलीकडेच आमचा तुकडा होता. रिकामा, नुसतं गवत माजलेलं. आई त्याच्या मधोमध जाऊन उकिडवी बसली. तिने एक ढेकूळ उचलून फोडलं. आत ओल होती. तिने दुसरं ढेकूळ उचललं, नारळाएवढं, आणि पदरात बांधलं. येताना एसटीत ते मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरने विचारलं, काय हाय. ती म्हणाली, "माझं रान."

ते ढेकूळ तिने आबांसमोर ठेवलं. आबांनी चिमटीत माती घेऊन चुरली, नाकाला लावली. "चांगली हाय," म्हणाले. मग जाळं घेऊन पाण्याकडे गेले.

पोळा आला. बैल विकले होते, माळावर चारा कुठला असणार. आईने पोळ्याच्या सकाळी त्या ढेकळावर पाणी शिंपडलं, माती मळली आणि दोन बैल केले. शिंगं, वशिंड, खूर सगळं नीट. पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, गूळभाकरीचा नैवेद्य दाखवला. आबा सकाळचे मासे घेऊन दारात आले. त्यांनी बैल पाहिले, ते कुठल्या मातीचे ते त्यांना कळलं. आई त्यांच्याकडे बघत होती. अजून अर्धा दिवस होता, दुपारची एसटी होती. मी मनात म्हणत होते, जा, आबा, नुसतं जा. आबांनी माशांची टोपली खाली ठेवली, पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. माळावरही दोन घरांत एकच भिंत होती, तिच्या पलीकडे तात्याही बसून असणार. दुपारची एसटी गेल्याचं हॉर्नवरून कळलं. दुसऱ्या दिवशी आईने ते बैल बादलीत टाकले आणि त्या मातीने चूल सारवली.

त्यानंतर पाऊसच आला नाही. लोक त्याला बाहत्तरचा दुष्काळ म्हणतात आणि त्यावर पुष्कळ बोलतात, मी बोलत नाही. खडी फोडायच्या कामावर आम्ही सगळे गेलो, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या. धरण आटत गेलं. उन्हाळ्यात डबक्यांत एवढे मासे गोळा झाले की पाणी नुसतं वळवळायचं, माणसं टोपलीने उपसायची, आणि जे राहिले ते चिखलात तडफडून सुकले. तो वास पहिल्या वासापेक्षा वाईट होता. मग एकेक करून आमचं गाव वर आलं. देवळाची पायरी, कुणाची चूल, उखळ. सगळ्यांवर राखाडी गाळाचा थर, उन्हाने तडकलेला.

बाभूळही वर आली, मुळापासून शेंड्यापर्यंत. आबा आणि तात्या तिच्या दोन बाजूंना उभे होते. आई भाकरी घेऊन गेली होती, मी तिच्याबरोबर. तेवढ्यात गाळातून चपला हातात घेऊन मेहबूबभाई येताना दिसले. आपलं जुनं वावर वर आलंय कळल्यावर बघायला आले होते, आमच्यासाठी पिशवीत शेंगा होत्या. ते सरळ बाभळीपाशी आले आणि खोडावर हात फिरवला. खोडात एक लोखंडी कडी रुतली होती, भोवती साल वाढून अर्धी गिळलेली.

"ही बघा, माझ्या शिंगऱ्या बैलाची कडी," ते म्हणाले. "हितंच बांधायचो त्याला." मग दोघांकडे बघून म्हणाले, "आबा, तुमी हितं काय करताय?"

मेहबूबभाईंनी खालच्या अंगाला बोट केलं. तिथे, चांगलं हाकेच्या अंतरावर, एक बुटकी बाभूळ गाळात आडवी व्हायला आली होती, नदीकडे कललेली. तिच्या दोन्ही बाजूंना आमचा बांध.

"म्हंजी दोन सालं माझ्या वावराची राखन केली व्हय तुमी," मेहबूबभाई म्हणाले आणि खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांची नजर आईकडे गेली. ते थांबले आणि चपला पायात घालायला लागले.

दोघा भावांनी त्यावर काय करावं? दुसऱ्या दिवशी ते खऱ्या बांधावर गेले आणि तो कोणी कोरलाय ते मोजायला लागले, बाभळीला ऐकवत.

बाजाराच्या दिवशी खडीच्या कामाला सुट्टी असायची, पुरुष बाजारला जायचे. त्या दिवशी आईने कुदळ घेतली, मला पाटी दिली आणि आम्ही गाळात उतरलो. बांधावर काकू आधीच बसली होती, फावडं मांडीवर घेऊन.

"फोडायचा का, आक्का?" तिने विचारलं.

"मी काय इचारायला आले व्हय," आई म्हणाली.

तीन बाजार लागले. वीस वर्षं दगड रचून, माती ओढून, शिव्या घालून उभा केलेला बांध, दोघी बायकांनी मुळापासून काढला. कुदळीचा आवाज त्या मोकळ्या गाळात लांबवर जायचा. मातीत शिंपले निघाले, बांगडीचे तुकडे निघाले. दगड आम्ही नदीत नेऊन टाकले. कललेल्या बाभळीची जळणाला फाटी केली. शेवटच्या दिवशी दोघी जिथे बांध होता तिथे बसून एका फडक्यातली भाकरी खात होत्या आणि हसत होत्या, तोंडाला पदर लावून. आईला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. खडीच्या कामातून दोघा भावांना पुन्हा बांधाकडे जायला सवड मिळाली नव्हती, आणि त्यांना पत्ता लागायच्या आत आभाळ आलं. त्या साली पाऊस लागला तो लागलाच, आठवड्यात सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं.

आता चुकायचं नाही म्हणून भावांनी खूण धरली. टेकडीवरच्या खंडोबाची दीपमाळ आणि समोरच्या डोंगराची खिंड एका रेषेत आली की खाली बांध. तिथे थांबून ते जाळी टाकायचे, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि पाण्याशी भांडायचे. आई काठावर उभी राहून बघायची. मी एकदा म्हणाले, सांगून टाकू का. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बसू दे राखत."

त्या थंडीत आबा गेले. आजाराचं सांगण्यासारखं काही नाही, चार दिवसांत गेले. जाण्याआधी त्यांनी एवढंच बजावलं की राख नदीत सोडू नका. "माझ्या वावरात सोडा. बांधाच्या अलीकडं. पल्याड चिमूटभर जाता कामा न्हाई."

त्यांना मुलगा नव्हता. राख सोडायला बायकांनी जायची आमच्यात रीत नव्हती, पण आई मडकं घेऊन काहिलीत जाऊन बसली आणि मी तिच्या मागे. वल्हवणार कोण? तात्या आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. आपलं फावडं घेतलं आणि आपल्या जागेवर बसले. जाताना वारं पाठीशी होतं, त्याने काहील आपोआप सरकत गेली. दीपमाळ आणि खिंड एका रेषेत आली तसं तात्यांनी फावडं पाण्यात रोवून धरलं.

"वैनी," ते म्हणाले. माझ्या ऐकण्यात त्यांनी आईला कधी हाक मारली नव्हती. "हितं बांध हाय. ही अलीकडची बाजू. सोडा."

"हितं बांध न्हाई, भावजी," आई म्हणाली. "तुमच्या बायकूनं आन् मी फोडला. तीन बाजार लागलं. मेहबूबभाईच्या बाभळीला न्या."

तात्या बराच वेळ पाण्यात बघत राहिले. मग त्यांनी वाऱ्याच्या अंगाने काहील बाभळीकडे ढकलत नेली. पाणकावळे उडाले. आईने मडक्याचं फडकं सोडलं.

"ह्या बाभळीपायी माझं रान घालीवलं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, शेजारणीशी बोलावं तसा. "दोन सालं राखन केली ना हिची? आता बसा कायमची करत." आणि तिने राख पाण्यात ओतली, सगळी, मडकं खंगाळून. मग तोंड फिरवलं आणि रडली. तेव्हा पहिल्यांदा रडली.

परत निघालो तर वारं समोरून. तात्यांनी फावडं मारलं आणि काहील फिरली. पुन्हा मारलं, पुन्हा फिरली. बाभळीभोवती आम्ही तिघं गरगर फिरत होतो आणि काठ काही जवळ येत नव्हता. आबांचं फावडं बुडाशी पडलं होतं. मी ते उचललं.

"पाठ लावून बस," तात्या म्हणाले. "न्हाईतर सरळ जायाची न्हाई."

मी पाठ लावून बसले. त्यांच्या पाठीची हाडं माझ्या पाठीला लागत होती आणि ती हलत होती. मी मागे वळून बघितलं नाही. ते मारतील तसं मारत गेले आणि आम्ही काठाला आलो.

तात्यांना पुढे मुरमाचाच तुकडा मिळाला, आम्हालाही. आई त्यानंतर वीस वर्षं कालव्यावर दुसऱ्यांच्या काळ्या रानात खुरपायला जात होती.

हॉटेलातलं ते पोरगं टेबलापाशी येऊन उभं राहिलं. "आत्या, ह्यांना सांगा ना, कसं प्रेम हुतं दोघांचं." छातीवर हात ठेवलेल्या बाई खुर्ची वळवून बसल्या, त्यांच्या नवऱ्याने मोबाईल वर धरला.

"एकट्याने वल्हवली तर ती जागच्या जागी फिरते," मी म्हणाले.

ते पुढचं ऐकायला थांबले. पुढचं नव्हतं. पोराने माझ्यासमोर ताट ठेवलं, काळ्या रश्शातला मासा, वर कोथिंबीर. मी त्याला विचारणार होते, कुठल्या बाजूचा. मग आईची आठवण झाली आणि मी ते विचारलं नाही. ती असती तर चटणी मागितली असती. मी खाल्ला. मासा फार चांगला झाला होता, आणि मी अजून एक तुकडा मागितला.